क्लच, लाल दिवे आणि फलाशा

गीतेतला कर्म आणि फळ यांबद्दलचा श्लोक महाराष्ट्रात इतक्या ठिकाणी लिहिलेला असतो की तो आता वाचलाच जात नाही. शाळेच्या भिंतीवर तो असतो, सहकारी बँकेच्या कॅलेंडरवर असतो, सेवानिवृत्तीच्या समारंभातल्या भाषणात तर असतोच असतो. त्याची परीक्षा घ्यायची तर असे काम शोधावे लागेल, ज्यात फळाखेरीज दुसरे काही मागितलेलेच नसते, आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून मागितलेले असते. मोटरसायकलच्या शर्यतीतली सुरुवात हे असे काम आहे. तिथे हेतूच्या शुद्धतेला गुण नाहीत. नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यासारख्या वस्तीत फळाचा हा प्रश्न पुस्तकात राहत नाही. ठाण्याची खाडी आणि महाप्याचा औद्योगिक पट्टा यांच्यामध्ये सिडकोने वसवलेल्या या भागात सातारा-सांगलीकडून आलेली माथाडी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. हरिनाम सप्ताहाच्या मांडवात बुवा फलाशेवर बोलत असतात आणि मांडवाबाहेर एमएच ४३ची पाटी लावलेली, साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची गाडी उभी असते. तिच्या मालकाला सिग्नलवर, आणि जमले तर एखाद्या धावपट्टीवर, सगळ्यांच्या आधी सुटायचे असते. बुवांचे म्हणणे आणि या मुलाची इच्छा यांचा मेळ बसतो का? बसतो असे मला वाटते. मात्र त्यासाठी फलाशा सोडणे हा संतस्वभावाचा गुण मानण्याची आपली सवय सोडावी लागेल. माझ्या मते ती वेळेची शिस्त आहे. फळाकडे केव्हा पाहायचे आणि केव्हा पाहायचे नाही, एवढाच तिचा विषय.

आधी ते काम काय आहे ते पाहू. धर्मचर्चेत उदाहरणे फार लवकर प्रतीके होतात आणि मग त्यांच्यातले लोखंड कुणी तपासत नाही. रॉयल एनफिल्डचे २०१८ साली बाजारात आलेले ट्विन इंजिन घ्या. याच इंजिनाच्या गाड्यांवर २०२१ साली कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर कॉन्टिनेन्टल जीटी कप सुरू झाला. ६४८ सीसी, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, ताकद ४७ अश्वशक्तीच्या आसपास, टॉर्क ५२ न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला सव्वापाच हजार फेऱ्यांच्या जवळपास. क्रँक २७० अंशांचा असल्यामुळे दोन सिलिंडरांतले स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. एक २७० अंशांनी होतो, पुढचा ४५० अंशांनी. जुन्या ब्रिटिश ट्विनमध्ये ते नेमाने दर ३६० अंशांनी होत, आणि निन्जा ३००सारख्या १८० अंशांच्या क्रँकमध्ये एकदा १८० आणि एकदा ५४० अंशांनी होतात. या आखूड-लांब विसाव्यात मागच्या टायरला पकड परत मिळवायला सवड मिळते, असे रायडर सांगतात. अभियंते त्याबाबत इतके ठाम नाहीत. एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य आहे: ट्विनला खालच्या फेऱ्यांतच भरपूर टॉर्क मिळतो, चार सिलिंडरच्या गाडीसारखे इंजिन किंचाळेपर्यंत थांबावे लागत नाही. एरवी हे सुखाचे. सुरुवातीला तेच नडते. क्लच फटकन सोडला आणि टायरखाली पकड असली तर पुढचे चाक उचलते. पकड नसली तर मागचे जागच्या जागी फिरते. आणि भीतीने फेऱ्या कमी ठेवल्या तर इंजिन दबते, कधी बंदच पडते.

पुढचे चाक केव्हा उचलणार, हे अश्वशक्तीवर ठरत नाही. गाडी आणि रायडर यांचा मिळून जो गुरुत्वमध्य, तो मागचे चाक जिथे टेकते तिथून किती पुढे आहे आणि जमिनीपासून किती वर आहे, या दोन अंतरांच्या प्रमाणावर ते ठरते. साधारण मोटरसायकलमध्ये ही दोन्ही अंतरे सारखीच असतात. त्यामुळे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या आसपास गेले की चाक हवेत, मग इंजिन पन्नास घोड्यांचे असो की दोनशे. पहिल्या काही मीटरांत जादा ताकद विकत घेऊन काहीच मिळत नाही, हे ऐकून पुष्कळ पोरांचा हिरमोड होतो. मिळते ते शरीर पुढे नेऊन, टाकीला छाती टेकवून, आणि क्लच जिथे पकडतो तो लिव्हरचा चिमुकला टप्पा हातात धरून ठेवून. गॅरेजात याला हाफ क्लच म्हणतात. फेऱ्या टॉर्कच्या माथ्याजवळ स्थिर ठेवायच्या, डाव्या हाताने घर्षण थोडे थोडे सोडत जायचे, उजव्याने तेवढाच थ्रॉटल वाढवायचा, आणि चाक हलके वाटू लागले की त्याच क्षणी कणभर मागे यायचे. पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान केले तर पिकअप वाढतो आणि वरचा वेग घटतो. पण तीही शेवटी हातालाच दिलेली मदत. सगळा प्रकार तीन सेकंदांत आटोपतो, आणि त्या तीन सेकंदांत विचाराला जागा नसते.

आता दिवे. सर्किटवरच्या शर्यतीत लाल दिवे लागतात, दोन ते पाच सेकंद लागून राहतात आणि विझले की सुटायचे. हा काळ मुद्दाम अनिश्चित ठेवलेला आहे, कारण तो ठरलेला असता तर रायडर दिव्यांकडे न पाहता मनातल्या मनात आकडे मोजून सुटले असते. ड्रॅग शर्यतीत, जशी लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये होत आली, गाडी एका प्रकाशकिरणावर आणून उभी करतात, पिवळ्यामागून हिरवा लागतो, आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ धावायचे. या खेळाच्या प्रस्थापित पद्धतीतली मोजणी तत्त्वचिंतकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. तिथे घड्याळे दोन. हिरवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ एक घड्याळ मोजते. चाकाने किरण सोडल्यापासून अखेरच्या रेषेपर्यंतचा दुसरे. हिरवा लागूनही कुणी अर्धा सेकंद जागेवर उभा राहिला तरी त्याच्या धावेची वेळ बिघडत नाही. उलट धावेची वेळ सर्वांत चांगली येऊनही तो हरू शकतो, कारण शेजारचा त्याच्याआधी सुटलेला असतो. एका कर्माची दोन फळे, आणि एकाचा दुसऱ्याशी करार नाही. फळ म्हणजे कर्माच्या टोकाला आपोआप लटकलेली एकच वस्तू, ही आपली कल्पना इथेच ढिली पडते. कोणते घड्याळ मोजायचे हे आधी कुणीतरी ठरवलेले असते, आणि ते ठरवणारा रायडर नसतो.

दिवा दिसून हात हलायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. सरावाने तो थोडा घटतो, शून्य होत नाही. ॲथलेटिक्समध्ये पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेल्या धावपटूची सुरुवात चुकीची धरतात. इतक्या लवकर हलणारा आवाज ऐकून हललेला नसणार, असे तो नियम मानतो. ही उरलेली दरी ज्याला सहन होत नाही, तो दिवा पाहणे सोडून दिव्याचा अंदाज बांधू लागतो. म्हणजे घडण्याआधीच घटना हातात घेऊ पाहतो. ड्रॅगमधले मुरलेले रायडर पिवळ्यावरच हलतात हे खरे, कारण तिथे पिवळ्या-हिरव्यातले अंतर ठरलेले असते. पण त्यांचा हिशेब सरावाच्या दिवशी झालेला असतो, रेषेवर उभे राहून ते तो मांडत बसत नाहीत. सर्किटच्या रेषेवर अधीर झालेल्याला मात्र जम्प स्टार्टची शिक्षा होते. फळ आधी उचलणाऱ्याला दंड करणारा नियम या खेळाने नीतिशास्त्र न वाचताच केला आहे.

इथवरचे उदाहरण निष्काम कर्माच्या बाजूने फारच सोयीचे दिसते, म्हणून त्याची दुसरी बाजू आता मांडायला हवी. सुरुवात सुधारते कशी? फळाकडे टक लावून पाहिल्यानेच सुधारते. पहिल्या साठ फुटांना लागलेला वेळ टिपायचा, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची: फेऱ्या पाचशेने वाढव, टायरची हवा थोडी कमी कर, बसायची जागा पुढे घे, क्लच सोडायची लय बदल. पुन्हा वेळ टिपायचा. दोन प्रयत्नांमध्ये क्लचच्या प्लेटा गार होऊ दिल्या नाहीत तर तिसरा आकडा हाताविषयी काहीच सांगत नाही. तो तापलेल्या प्लेटांविषयी सांगतो, आणि हे ज्याला ठाऊक नसते तो चांगली सवय मोडून वाईट लावून घेतो. इतक्या चिकाटीने फळ न्याहाळणारा माणूस बँकेच्या कॅलेंडरवरच्या अर्थाने निष्काम म्हणता येणार नाही. फळाबद्दल उदासीन असलेला रायडर आयुष्यभर तीच वाईट सुरुवात करत राहील, आणि वर त्याला समाधानीही वाटेल. आपल्या सार्वजनिक जीवनात या जातीचे निष्काम कर्मयोगी पुष्कळ आहेत. रस्ता खचला, पूल गळला, निकाल लागला नाही, तरी ते शांत असतात.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या दुखण्यावर नेमके बोट ठेवले आहे. त्या श्लोकाच्या चार चरणांना त्यांनी कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटले, आणि फळ सोडणे व फळाची आशा सोडणे यांत फरक केला. फळ मनात धरून योजना करायला हरकत नाही. ‘मी करतो म्हणून हे मला मिळालेच पाहिजे’ हा चिकटपणा सोडायचा, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. हे मला मान्य आहे, पण अपुरे वाटते, कारण चिकटपणा सोडायचा कसा हे त्यातून कळत नाही. मनाला ‘चिकटू नकोस’ म्हणून ते ऐकत नसते. रेषेवरचा रायडर याचे उत्तर देतो असे मला वाटते. तो फळाचा विचार टाकून देत नाही, त्याला वेळ नेमून देतो. आदल्या दिवशी आणि नंतर, वही घेऊन, निर्दयपणे. दिवे लागल्यापासून क्लच पूर्ण सुटेपर्यंत अजिबात नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातल्या गीताप्रवचनांत विनोबांनी याच्या जवळचा मुद्दा मांडला होता: फळाची इच्छा करणाऱ्याचा काही वेळ त्या चिंतनातच खर्च होतो, इच्छा सोडणाऱ्याचा सगळा वेळ कामाला लागतो. मी त्यात एवढीच दुरुस्ती सुचवेन की फळाचे चिंतन हेही कामच आहे, फक्त त्याची पाळी वेगळी आहे.

हे केवळ सोयीचे तर्कट नाही, याला थोडा आधार बाहेरूनही मिळतो. वर्तन-अर्थशास्त्रज्ञ डॅन एरिएली आणि सहकाऱ्यांनी भारतातल्याच ग्रामीण भागात काही खेळ लोकांना खेळायला दिले आणि बक्षिसाची रक्कम कमी, मध्यम आणि प्रचंड अशी बदलती ठेवली. प्रचंड म्हणजे सुमारे सहा महिन्यांच्या खर्चाइतकी. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठे बक्षीस समोर असलेल्यांची कामगिरी सर्वांत वाईट ठरली. (एरिएलींचे नाव असलेला एक वेगळा शोधनिबंध आकड्यांच्या खरेपणावरून २०२१ साली मागे घेतला गेला, हे इथे सांगून ठेवणे बरे.) दुसरीकडे मानसशास्त्रज्ञ शॉन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ साली गोल्फच्या प्रयोगांतून दाखवले की मुरलेला खेळाडू दडपणाखाली आपल्याच हालचालीकडे पायरीपायरीने लक्ष देऊ लागला की चुकतो. दोन वेगळ्या वाटांनी काम बिघडते. एका वाटेवर मन पुढे, फळापाशी पळालेले असते; दुसऱ्या वाटेवर ते मागे, करणाऱ्यापाशी अडकलेले असते. गीतेने या दोन्ही वाटांची नोंद वेगवेगळी केली आहे, हे मला लक्षणीय वाटते. पहिलीवर दुसऱ्या अध्यायातली फलाशेची चर्चा आहे. दुसरीवर तिसऱ्या अध्यायातला विचार आहे की सगळी कर्मे प्रकृतीच्या गुणांकडून होत असतात आणि अहंकाराने मूढ झालेला ‘मीच करतो’ असे मानतो. क्लच सोडताना ‘माझा हात बरोबर सुटतोय ना’ असे पाहणारा रायडर आणि ‘मी पहिला येणार ना’ असे पाहणारा रायडर, दोघेही दबतात. पण त्यांचे औषध एक नाही.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो सर्वांत धारदार आहे. जिंकण्यासाठी फलाशा सोडणे ही तर फलाशेचीच युक्ती झाली! संन्याशाचे वस्त्र घालून दुकान चालवण्यासारखे. माझे उत्तर असे की सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र युक्ती म्हणून वापरलेली ही शिस्त फार दिवस युक्ती राहू शकत नाही, कारण ती अर्धवट वापरता येत नाही. ‘तीन सेकंद मी निकाल विसरतो, म्हणजे निकाल मिळेल’ असे म्हणत रेषेवर उभा राहिलेला माणूस निकाल विसरलेलाच नसतो, आणि हात ते लगेच उघडे पाडतो. विसरणे खरे असेल तरच चालते. म्हणजे फायद्यासाठी घेतलेली ही सवय फायद्याच्या विचाराला स्वतःतून हळूहळू हद्दपार करते, निदान तेवढ्या वेळेपुरती. तेवढ्या वेळेपुरती निष्कामता म्हणजे मोक्ष नव्हे, हे कबूल. पण गीता अर्जुनाला मोक्षाचा दाखला मागत नाही, कामाला उभे राहायला सांगते. अठराव्या अध्यायातल्या सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत तर यश-अपयशात सम असण्याच्या शेजारीच धैर्य आणि उत्साह सांगितले आहेत. थंडपणा त्या यादीत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. गीतासुद्धा एका सुरुवातीच्या रेषेवरच सांगितली गेली; शंख वाजले आहेत, शस्त्रे सुटण्याच्या बेतात आहेत, आणि अर्जुन परिणामांचा हिशेब मांडू लागतो: कुळाचा नाश, धर्माचा नाश, नरक. वेळेच्या शिस्तीचा माझा नियम लावला तर अर्जुन चुकीच्या वेळी फळ पाहतो आहे, म्हणून त्याने गप्प बसून बाण सोडावा, असे होईल. असला नियम मारेकऱ्यांना आणि हुकमाच्या ताबेदारांना फार आवडेल. पण कृष्णाने काय केले ते पाहा. त्याने ‘आता वेळ गेली’ असे म्हटले नाही. त्याने सुरुवातच थांबवली, सातशे श्लोकांइतकी. आणि शेवटी या सगळ्याचा पूर्ण विचार करून मग तुझ्या इच्छेला येईल तसे कर, असे सांगितले. शर्यतीतही हीच सोय आहे. रेषेवर गाडी बंद पडली तर रायडर हात वर करतो, अधिकारी सुरुवात लांबवतात, सगळे पुन्हा उभे राहतात. शंका आली तर हात वर करायचा हक्क आहे, कर्तव्यही आहे. ज्याला परवानगी नाही तो प्रकार म्हणजे हात वरही न करता, क्लच अर्धा धरून, सुटायचे की नाही याचा विचार धावतानाच करत राहणे. त्यात रायडर स्वतः पडतो आणि मागच्याला पाडतो.

तिसरा आक्षेप कोपरखैरण्यात कुणालाही सुचेल, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फळाची अपेक्षा करू नकोस, हा उपदेश ज्याच्या पाठीवर गोणी आहे त्याला केला की त्याचा अर्थ ‘मजुरी मागू नकोस’ असा होतो. डॉ. आंबेडकरांनी कृष्ण आणि त्याची गीता यांवर लिहिलेल्या प्रकरणात चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार पुरवल्याचा आरोप गीतेवर ठेवला. ते लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही, महाराष्ट्र शासनाने १९८७ साली छापले. आरोप हलक्याने बाजूला सारण्यासारखा नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केले आणि १९६९चा माथाडी कायदा आला, तो कुणी फळाची आशा सोडल्यामुळे आलेला नाही. मजुरी माथाडी मंडळात जमा होईल, भविष्यनिर्वाह निधी कापला जाईल, टोळीतल्या प्रत्येकाला त्याचा हिस्सा मिळेल, हे सगळे फळाचे काटेकोर गणित होते, आणि ते आधी मांडले गेले म्हणूनच टिकले. माझ्या मते हे वेळेच्या शिस्तीच्या विरोधात जात नाही, तिचीच मागणी करते. ज्या माणसाचे फळ आधी ठरलेले आणि सुरक्षित आहे, तोच काम करताना फळ विसरू शकतो. ज्याला संध्याकाळी किती हातात पडेल याची खात्री नाही, त्याला जिना चढताना गोणीपेक्षा तोच विचार जड होतो. फलाशा सोडण्याचा उपदेश करणाऱ्यावर म्हणून एक जबाबदारी येते: आधी फळाची व्यवस्था न्याय्य करा, मग बोला. कोणते घड्याळ मोजायचे हे कामगाराने ठरवलेले नसेल, तर त्या घड्याळाबद्दल भांडणे हे त्याचे पहिले कर्म ठरते. हा अर्थ जुन्या टीकाकारांना मान्य झाला असता की नाही, हा प्रश्न मला फारसा छळत नाही.

राहिला तो कौशल्याचा प्रश्न. त्याच दुसऱ्या अध्यायात योग म्हणजे कर्मातले कौशल्य, असे म्हटले आहे, आणि त्यावर शतकानुशतके विचारले गेले की मग सफाईदार खिसेकापू योगी का नाही? आपल्याकडे हा खिसेकापू रात्री पाम बीच मार्गावर भेटतो. वाशीपासून बेलापूरकडे जाणारा तो लांब सरळ रस्ता मोटरसायकलच्या बेकायदा शर्यतींसाठी पुरेसा बदनाम आहे. तिथे सुटणाऱ्या एखाद्या मुलाचा क्लचवरचा हात खरोखरच उत्तम असेल. त्याला योग म्हणावे का? शंकराचार्यांनी कौशल्याचा अर्थ हाताच्या सफाईत घेतला नाही. बांधून टाकणे हा ज्याचा स्वभाव ते कर्म समबुद्धीमुळे आपला तो स्वभाव सोडते, हे कौशल्य. मला त्याला जोडून अठराव्या अध्यायातली पाच कारणे महत्त्वाची वाटतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. एकट्या स्वतःला कर्ता समजणारा नीट पाहत नाही, असे तिथे बजावले आहे. धावपट्टीवर अधिष्ठान शर्यतीसाठी दिलेले असते. कडेला रुग्णवाहिका असते, रेषेवरच्या प्रत्येकाने धोका पत्करायला होकार दिलेला असतो. पाम बीचवर अधिष्ठान चोरलेले असते. समोरून वळणारा रिक्षावाला आणि रात्रपाळीहून परतणारी बाई या शर्यतीत सामील झालेली नसतात, तरी शर्यतीच्या फळात त्यांचा वाटा असतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावण्याला गुन्हा ठरवते. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड किरकोळ आहे, पण कायद्याने पाच कारणांपैकी पहिलेच विचारले आहे: जागा कुणाची? शिवाय त्या मुलाला फळापासून सुटका कधीच नसते. बघे फूटपाथवर असतात, मोबाइल रोखलेले असतात, आणि वही कुणाकडेच नसते. सराव नाही, नोंद नाही. फळ आहे आणि ते फक्त त्याच क्षणी आहे. त्याचा हात सुधारतो तो अपघातानेच.

साधनांबद्दलही थोडे. आजच्या महागड्या गाड्यांत लाँच कंट्रोल असतो. फेऱ्या तोच धरतो, चाक उचलले की ताकद तोच कापतो. मोटोजीपी या जागतिक शर्यतमालिकेत डुकाटीने २०१८च्या अखेरीला सुरुवातीसाठी गाडी खाली बसवून धरणारे उपकरण आणले, मग ते सगळ्यांनी घेतले, आणि आता २०२७पासून अशा उपकरणांवर बंदी ठरली आहे. सुरुवात यंत्र करत असेल तर कर्म कुणाचे, या प्रश्नाने पुष्कळ जण अस्वस्थ होतात. पाच कारणांच्या हिशेबात त्यात नवीन काही नाही. हाफ क्लच धरणाऱ्या हातालाही प्लेटांचे तेल, टायरचे रबर आणि रस्त्याचे डांबर लागतेच. साधनाचा वाटा वाढला, कर्त्याचा घटला, इतकेच. बंदीमागे वेगाची आणि सुरक्षेची कारणे आहेत. मला तिचा आनंद थोड्या वेगळ्या कारणाने होतो. उपकरणाने वाचवलेली सुरुवात शिकण्यासारखी राहत नाही, आणि शिकण्यासारखे काही नसले की फळाकडे नंतर पाहण्यालाही अर्थ उरत नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जाणारा प्रसंग मात्र शर्यतीच्याच नियमपुस्तकात आहे. मोटोजीपीच्या नियमांप्रमाणे सर्किटच्या तीन फेऱ्या पूर्ण होण्याआधी लाल निशाण दिसले तर झालेली शर्यत रद्द धरतात आणि सगळे मूळ जागांवर परत उभे राहतात. आठव्या जागेवरून सुटून पहिल्या वळणाला तिसरा पोचलेला पुन्हा आठवा होतो, आणि गाडी बंद पाडून शेवटी पडलेला पुन्हा नववा. मधे थोडी मिनिटे असतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यात मी जी भिंत घातली ती इथे कागदाइतकी पातळ होते: पहिल्या सुरुवातीचे ‘नंतर’ हेच दुसरीचे ‘आधी’. आठव्याला काहीतरी हिरावले गेल्याची चीड असते, नवव्याला दान मिळाल्याचा हर्ष असतो, आणि दोन्ही भावना तेवढ्याच निरुपयोगी, कारण दोघांच्याही प्लेटा तापलेल्या आहेत. त्या मिनिटांत दोघांनी करायचा हिशेब अक्षरशः एकच आहे: रबर कुठे धरले, चाक केव्हा हलके झाले, तापलेला क्लच आता लिव्हरच्या कोणत्या टप्प्यावर पकडेल, फेऱ्या थोड्या कमी ठेवायच्या का. पहिल्या सुरुवातीचे फळ रद्द झाले, तिच्यातली माहिती रद्द झालेली नाही. ती वापरून घ्यायला दोघांनाही दिवे लागेपर्यंतची मुदत आहे.